ट्रिगर हलका किती, याआधी खात्रीचा किती

कोकणातल्या चिरनेर गावात गोळी म्हटलं की आधी २५ सप्टेंबर १९३० आठवतो. अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रहासाठी जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात चिरनेरच्या नाग्या महादू कातकरी यांच्यासह आसपासच्या गावांतले आठ जण हुतात्मा झाले. ही आठवण दरवर्षी जागवणाऱ्या गावात एखाद्या मुलीनं ‘मला रायफल शूटिंग शिकायचंय’ म्हटलं, तर आजीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘ती आपोआप उडायची नाही ना गं?’

मला हा प्रश्न फार योग्य वाटतो. रायफलचा ट्रिगर बदलायला निघालेल्या प्रत्येकानं तो स्वतःला आधी विचारावा. बहुतेक जण वेगळंच विचारतात: किती ग्रॅमवर सुटतो? कोणत्या कंपनीचा? पदक मिळवणाऱ्यांकडे कोणता आहे? यातलं काहीही गैर नाही, पण क्रम उलटा आहे. जो ट्रिगर बोट लागल्याशिवाय कधीच सुटत नाही आणि बोट लागल्यावर दर वेळी त्याच जागी सुटतो, तोच गुणही वाढवतो. आजीची काळजी आणि नेमबाजाची महत्त्वाकांक्षा ही दोन्ही धातूच्या एकाच चिमुकल्या कडेवर टेकलेली असतात. ती कड कुठे असते, इथूनच सुरुवात करू.

बोट ज्यावर टेकतं त्याला या लेखात चाप म्हणतो, आणि त्याच्या मागच्या सगळ्या यंत्रणेला ट्रिगर. रायफल कॉक केली की एक जोरकस स्प्रिंग दाबली जाते. पॉइंट टू-टू रायफलमध्ये ही स्प्रिंग फायरिंग पिनला पुढे ढकलायला टपलेली असते. दाबलेल्या हवेच्या एअर रायफलमध्ये ती एका छोट्या हातोड्याला हवेच्या झडपेवर आपटायला टपलेली असते. तिला अडवून धरणारा तुकडा म्हणजे सिअर. दाराची कडी कोयंड्यात जेमतेम अडकलेली असावी आणि दार पलीकडून कुणीतरी सतत ढकलत असावं, तशी सिअरची स्थिती असते. चाप दाबला की सिअरखालचा आधार सरकतो, कड सुटते आणि स्प्रिंग मोकळी होते. कडेवर कड किती टेकलेली आहे, या मापाला एंगेजमेंट म्हणतात. चांगल्या स्पर्धा-रायफलमध्ये ते मिलिमीटरचा लहानसा अंश असतं.

आता अडचण लक्षात येईल. एंगेजमेंट जास्त असेल तर चाप दाबताना बोटाला घसरण जाणवते. काहीतरी सरकतंय, सरकतंय, आणि मग केव्हातरी सुटतं. नेमबाज याला क्रीप म्हणतात. एंगेजमेंट फार कमी केलं तर घसरण जाते आणि सुटणं कोरडं, स्वच्छ होतं, पण मग बोल्ट जोरात बंद केला किंवा बट टेबलावर आपटला तरी कड निसटू शकते. ट्रिगर बनवणाऱ्याचं सगळं कौशल्य या दोन टोकांच्या मधे उभं राहण्यात आहे. पोलाद किती कडक, कडा किती सपाट घासलेल्या, पिना आपल्या भोकांत किती घट्ट बसलेल्या, यावर तो किती कमी एंगेजमेंटवर निर्धास्त राहू शकतो हे ठरतं. महाग ट्रिगरचे पैसे इथे जातात. वजन कमी करायला फक्त मऊ स्प्रिंग पुरते, आणि ती स्वस्त असते.

एवढ्या बारकाईची गरज काय, याचं उत्तर साध्या हिशोबात आहे. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो आणि एका वर्तुळापासून पुढचं वर्तुळ अडीच मिलिमीटरवर. गुण दशांशात मोजतात, कमाल १०.९. म्हणजे पाव मिलिमीटर सरकलं की ०.१ गुण गेला. बट खांद्याला टेकलेला आहे आणि तिथून नळीचं तोंड साधारण एक मीटरवर आहे असं धरा. बोटाच्या धक्क्यानं ते तोंड एक दशांश मिलिमीटर हललं, तर दहा मीटरवर छर्रा एक मिलिमीटर बाजूला जाईल. गेले ०.४ गुण, एका गोळीत. पात्रता फेरीत अशा साठ गोळ्या असतात.

शिवाय सिअर सुटल्यावर छर्रा लगेच बाहेर पडत नाही. हातोडा झडपेपर्यंत जातो, हवा सुटते, छर्रा नळीतून धावतो. यात काही हजारांश सेकंद जातात. तेवढा वेळ रायफल स्थिर हवी. म्हणून सुटण्याच्या क्षणी चाप मागे किती मोकळा धावतो, हेही मोलाचं आहे. प्रतिकार संपल्यावर बोट भसकन मागं गेलं की रायफलला झटका बसतो. चांगल्या ट्रिगरला यासाठी एक थांबा असतो. त्याचा स्क्रू फिरवून ही मोकळी धाव जवळजवळ शून्य करता येते. पण अगदी शून्य करू नये, कारण धूळ किंवा थंडीनं थोडा फरक पडला की थांबा सिअर सुटण्याआधीच लागतो आणि भर स्पर्धेत रायफल सुटतच नाही.

ट्रिगर दोन प्रकारचे. एका टप्प्याच्या ट्रिगरमध्ये चाप हलतच नाही असं वाटतं, दाब वाढत जातो आणि तो सुटतो. दोन टप्प्यांच्या ट्रिगरमध्ये आधी थोडी हलकी, मोकळी वाटचाल असते, मग बोटाला भिंत लागते, आणि त्या भिंतीवर थोडासा दाब दिला की गोळी. समजा एकूण वजन १०० ग्रॅम ठेवलं आणि त्यातले ६० पहिल्या टप्प्यात दिले, तर भिंतीवर बोटाला फक्त ४० ग्रॅम द्यायचे उरतात. नेम स्थिर होईपर्यंत बोट भिंतीवर विसावतं. माझं स्पष्ट मत असं आहे की नवशिक्यानं, विशेषतः शाळकरी मुलानं, दोन टप्प्यांचाच ट्रिगर घ्यावा. पहिला टप्पा त्याला इशारा देतो: आता पुढचं पाऊल म्हणजे गोळी. एका टप्प्याचा फार हलका ट्रिगर असा इशारा देत नाही. पन्नास मीटर प्रोन (पालथं पडून) किंवा बेंचरेस्ट (रायफल टेबलावर टेकवून) खेळणाऱ्या अनुभवी हातांना तो आवडतो, आणि त्यांच्याकडे तो शोभतो. जर्मन कंपनी आन्शुत्झ आपल्या पॉइंट टू-टू रायफलींसाठी दोन्ही प्रकार ठेवते: ५०१८ दोन टप्प्यांचा, ५०२० एका टप्प्याचा.

वजनाबद्दल नियम काय म्हणतात? आंतरराष्ट्रीय स्पर्धांत एअर पिस्तुलचा ट्रिगर निदान ५०० ग्रॅम, २५ मीटर पिस्तुलचा १००० ग्रॅम, ३०० मीटर स्टँडर्ड रायफलचा १५०० ग्रॅम असावा लागतो. दहा आणि पन्नास मीटर रायफलला मात्र किमान मर्यादा नाही. यामुळेच हलकेपणाची चढाओढ लागते. दहा मीटरवर अनेक जण ५० ते १२० ग्रॅमच्या आसपास ठेवतात. सुरुवातीला १२० किंवा त्याहून थोडं जास्तच ठेवावं. बोट शिकलं की हळूहळू उतरावं. इतका हलका करू नये की चाप कधी दाबला हे बोटालाच कळत नाही. त्यातून ‘सुटून गेली’ ही सवय लागते आणि ती मोडायला वर्षं जातात.

आता खरेदीकडे येऊ, पण त्याआधी एक गोष्ट सांगायलाच हवी. अमेरिकेतल्या रेमिंग्टन कंपनीची मॉडेल ७०० ही जगातल्या सर्वांत जास्त खपलेल्या शिकारी रायफलींपैकी एक. ती १९६२ साली आली. तिचा ट्रिगर माइक वॉकर या अभियंत्यानं आखलेल्या रचनेचा होता. त्यात चाप आणि सिअर यांच्यामधे कनेक्टर नावाचा एक पातळ तुकडा होता, जो चापाला पक्का जोडलेला नव्हता. स्प्रिंगच्या दाबानं तो जागेवर यायचा. सुटण्याच्या क्षणी तो चापापासून किंचित दूर व्हायचा आणि परत यायचा. त्यामुळे सुटणं फार गोड वाटायचं. पण त्या फटीत कचरा, गंज किंवा घट्ट झालेलं तेल अडकलं तर कनेक्टर पूर्ण परत यायचा नाही. सेफ्टी काढली, बोल्टला हात लावला, आणि चापाला बोट न लावता गोळी सुटली, अशा तक्रारी वर्षानुवर्षं आल्या, खटले झाले. वॉकर यांनी स्वतः १९४० च्या दशकातच जास्त सुरक्षित बदल सुचवला होता. तो तेव्हा स्वीकारला गेला नाही. पुढे २००६ मध्ये एक्स-मार्क प्रो हा नवा ट्रिगर आला आणि एप्रिल २०१४ मध्ये तोही परत बोलवावा लागला. कारण? जोडणीच्या वेळी चिकटवण्याचं द्रव्य जास्त लागलं होतं. शेवटी न्यायालयातल्या तडजोडीत ७० लाखांहून अधिक बंदुकांचे ट्रिगर बदलून देण्याची तरतूद झाली.

यावरून बाजारातले वेगळे ट्रिगर कशासाठी घेतले जातात हेही समजतं. मॉडेल ७०० च्या मापाला आता अनेक जण ट्रिगर बनवतात. अमेरिकेतली टिमनी, कॅनडातली ट्रिगरटेक, ऑस्ट्रियातली बिक्सन अँडी ही नावं सर्वांत जास्त ऐकू येतात. ट्रिगरटेकनं घासणाऱ्या दोन कडांच्या मधे छोटा रोलर घातला आणि बिक्सन अँडीनं गोळीबेअरिंग वापरलं. दोघांचा हेतू एकच, घसरणीऐवजी घरंगळणं. घरंगळताना घर्षण कमी आणि जवळपास एकसारखं राहतं, म्हणून एंगेजमेंट पुरेसं ठेवूनही क्रीप जाणवत नाही. पण रोलर असो वा साधी कड, माझा पहिला प्रश्न तोच: मधे एखादा सुटा तुकडा आहे का, जो कचऱ्यानं अडेल? आणि अडला तर ट्रिगर सुटेल की अडून राहील? अडून राहणारा ट्रिगर स्पर्धा घालवतो. सुटणारा माणूस घालवतो.

पनवेलच्या रेंजवर सराव करणाऱ्या मुलाच्या पालकांना मात्र यातलं बरंचसं विकत घ्यावंच लागत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. फाइनवेर्कबाउ, वाल्थर, आन्शुत्झ, श्टायर यांच्या दहा मीटर एअर रायफलींमध्ये कारखान्याचाच ट्रिगर सर्व बाजूंनी जुळवता येतो. पहिल्या टप्प्याचं वजन, दुसऱ्याचं वजन, पहिल्या टप्प्याची लांबी, थांबा, चापाची पुढे-मागे जागा आणि कोन, सगळ्याला स्वतंत्र स्क्रू असतात. अशा रायफलीवर बदलण्यासारखं बहुतेकदा एकच असतं: चापाचं पातं. बोट लांब की आखूड, पेर कुठे टेकतं, यानुसार सपाट, वाकडं किंवा गोल टेकूचं पातं निवडलं जातं. त्याचा खर्च कमी आणि फायदा बरेचदा जास्त. काही नव्या रायफलींत विजेवर चालणारा ट्रिगर मिळतो. त्यात सिअर सोडण्याचं काम विद्युतचुंबक करतो आणि बोटाला फक्त एक स्विच दाबायचा असतो. सुटणं अगदी एकसारखं असतं, पण बॅटरी आणि दमट हवेतले संपर्क यांची काळजी वाढते. कोकणात राहणाऱ्यानं ती घ्यायची तयारी असेल तरच हा मार्ग धरावा.

खरं तर इथे कोणत्याही ट्रिगरची परीक्षा पावसाळा घेतो. चिरनेरच्या आसपास खाडीची खारी हवा आहे, जून ते सप्टेंबर भिंती ओल्या असतात. सिअरच्या घासलेल्या कडेवर गंजाचा एक ठिपका आला तरी सुटणं खरखरीत होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे कधी होतं, कधी होत नाही. तेल जास्त घातलं तर त्याला धूळ चिकटून ते घट्ट होतं. कनेक्टरची कथा आठवा. ट्रिगरमध्ये तेलाची चिळकांडी मारू नये. कंपनीनं सांगितलेलं पातळ वंगण, सांगितलेल्या जागी, सुईच्या टोकावर मावेल एवढंच. रायफल सरावानंतर कपड्यानं पुसून, बंद पेटीत ओल शोषणाऱ्या पिशव्यांबरोबर ठेवावी आणि पेटी भिंतीला टेकवू नये. स्टॉक लाकडाचा असेल तर तो फुगतो, आणि अॅक्शन (बोल्ट आणि ट्रिगर बसलेला धातूचा भाग) घट्ट धरणारे स्क्रू ढिले किंवा आवळलेले वाटू लागतात. ट्रिगर बिघडला असं समजून दुरुस्तीला नेलेल्या रायफलीत खरा दोष तिथेही निघतो.

कायद्याची बाजू थोडक्यात, पण नीट. शस्त्र कायदा १९५९ नुसार ‘शस्त्र’ या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात, आणि शस्त्रांची दुरुस्ती, विक्री, फेरबदल हे परवानाधारकानंच करायचं काम आहे. पॉइंट टू-टू रायफलसाठी परवाना लागतोच. म्हणून तिच्यासाठी परदेशातून ट्रिगर पार्सलनं मागवणं किंवा कुणाच्या तरी बॅगेतून आणवणं हा खेळ करू नये. परवानाधारक विक्रेता आणि संघटना यांच्यामार्फतच जावं. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे पॉइंट वन-सेव्हन-सेव्हन बोअरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलींना परवान्याची गरज नाही. दहा मीटरच्या रायफलचा छर्रा साधारण आठ ज्यूलच्या आत असतो, त्यामुळे ती या मर्यादेत बसते. तरी ओळखपत्रं, पावती आणि क्लबची नोंद जपून ठेवावी. आणि शिकारीला आळा घालणाऱ्या वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नंतर आपल्याकडे ‘स्पोर्टिंग रायफल’ म्हणजे लक्ष्यावर मारायची रायफल, दुसरं काही नाही.

नवा ट्रिगर हातात आला, किंवा जुन्या रायफलीसह आला, की त्याला वापरण्याआधी तपासायचं. जाणत्या आर्मररसमोर, रिकाम्या रायफलीवर, नळी सुरक्षित दिशेला, चेंबर दोघांनी डोळ्यांनी पाहून. पहिली तपासणी सेफ्टीची. कॉक करा, सेफ्टी लावा, चाप जोरात दाबा आणि सोडा. आता चापाला हात न लावता सेफ्टी काढा. काही सुटलं तर तो ट्रिगर तिथेच नाकारा, मग किंमत काहीही असो. दुसरी तपासणी बोल्टची: पुन्हा पुन्हा नेहमीपेक्षा जोरात बंद करा, सिअर निसटता कामा नये. तिसरी, कॉक केलेल्या रायफलीचा बट रबरी चटईवर थोड्या उंचीवरून आपटा. हेच पुन्हा बाजूंनी, रबरी हातोडीनं टिचकी मारून. ज्या रायफलीचा फायरिंग पिन रिकाम्या चेंबरवर आपटणं तिच्या पुस्तकात मना केलेलं असेल, तिथे स्नॅप कॅप (नकली काडतूस) घाला. एअर रायफलींना बहुधा कोरड्या सरावाची वेगळी सोय असते.

मग वजन मोजायचं. रायफल उभी धरून चापावर वजनं टांगायची, किंवा स्प्रिंगचा काटा वापरायचा. काटा चापाच्या त्याच बिंदूवर लावावा जिथे बोट टेकतं, कारण खालच्या टोकाशी तरफ लांब होते आणि वजन कमी भासतं. एकदा मोजून थांबू नये, सलग अनेकदा मोजून आकडे लिहावेत. सरासरी १०० आली पण आकडे ८५ ते ११५ मधे नाचत असतील, तर मी तो ट्रिगर घेणार नाही. १३० वर दर वेळी जवळपास १३० च येत असेल, तर तो घेईन आणि बोटाला १३० ची सवय लावेन. या एका निकषावर मी वाद घालायला तयार आहे.

एक काम अजिबात करू नये: सिअर घरी घासणं. चित्रफितीत ते सोपं दिसतं. या तुकड्यांचा बरेचदा फक्त वरचा थर कडक केलेला असतो. पॉलिश पेपरनं तो गेला की खालचं मऊ पोलाद उघडं पडतं. पहिले काही दिवस ट्रिगर अप्रतिम वाटतो. मग कड झिजते, गोल होते, आणि एंगेजमेंट कुणाला न कळता कमी होत जातं. जुनी रायफल विकत घेताना मी म्हणूनच विचारतो, ट्रिगर कुणी उघडला होता का. उत्तर गुळमुळीत आलं तर ट्रिगरचा खर्च किमतीत धरूनच सौदा करावा.

महाराष्ट्रानं या खेळाला फार मोठी माणसं दिली आहेत. अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरला ४०० पैकी ४०० गुण मिळवले. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेत्या ठरल्या, रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला जगज्जेते ठरले. स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी तीन स्थितींच्या पन्नास मीटर रायफलमध्ये ४५१.४ गुणांसह ऑलिंपिक कांस्य आणलं. गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून नेम धरताना हाताची पकड बदलते, बोटाचा कोन बदलतो, श्वासाची लय बदलते. बदलत नाही तो फक्त ट्रिगर. इतक्या बदलत्या गोष्टींत एक तरी न बदलणारी हवी, म्हणून त्याच्या निवडीवर इतका वेळ घालवायचा.

नवा ट्रिगर बसल्यावर नेम पुन्हा झीरो करावा लागेल, कारण अॅक्शन स्टॉकमधून काढून परत बसवलेली असते. तिचे स्क्रू पूर्वीच्याच जोरानं आवळावेत. पहिला महिना स्क्रूंना हात लावू नका. साठ-साठ गोळ्यांच्या मालिका दशांशासह वहीत लिहा, जुन्या ट्रिगरवरच्या शेवटच्या मालिकांशेजारी. दर आठवड्याला सेफ्टीची तपासणी आणि वजन, पावसाळ्यात दर सरावाआधी. आकडे सुधारले नाहीत तर मूळ ट्रिगर परत बसवा. त्यासाठी तो पुसून, पातळ तेल लावून, त्याच्या पिना एका डबीत घालून कोरड्या जागी ठेवलेला असला पाहिजे.